रोस्टर तुमचा, रजिस्ट्रेशन नंबर आमचा: हॉस्पिटल चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
हॉस्पिटलचे मालक, ट्रस्टी, सीईओ, मेडिकल डायरेक्टर, एचआर हेड आणि आमच्या नर्सिंग सुपरिंटेंडंट मॅडम, सगळ्यांनाच

सप्रेम नमस्कार,

हे पत्र पगारवाढीसाठी नाहीये, ते आधीच सांगून टाकते म्हणजे तुम्ही जरा निवांत वाचाल. पगारावर बोलण्यासारखं खूप आहे पण ते वेगळं भांडण आहे आणि ते आम्ही वेगळं भांडूच. आज मला एकाच गोष्टीवर बोलायचंय, आमच्या नावापुढे जो रजिस्ट्रेशन नंबर असतो त्याची जोखीम कोण घेतं आणि त्या नंबरच्या जिवावर निर्णय कोण घेतं.

नवीन नर्स जॉइन झाली की इंडक्शनला तुमचं एक वाक्य ठरलेलं असतं, "सिस्टर, लायसन्स तुमचं आहे, ते जपणं तुमच्या हातात आहे." बरोबर आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मग त्याच सिस्टरला दुसऱ्या आठवड्यात नाइटला एकटी टाकता, जे वॉर्ड तिने कधी पाहिलं नाही तिथे पाठवता, सकाळी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टची नर्स, आली नाही म्हणून पुढची शिफ्टही तिच्याच गळ्यात मारता, आणि काही झालं की पहिला प्रश्न काय, तर "ड्यूटीवर कोण होतं?" ड्यूटी कोणी लावली होती हे विचारलेलं मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

आता जरा नोंदणीबद्दल. नर्सची सरकारी नोंदणी करणारा जगातला पहिला देश न्यूझीलंड, कायदा १९०१ चा, आणि एलेन डोहर्टी या पहिल्या रजिस्टर्ड नर्स, जानेवारी १९०२ मध्ये त्यांचं नाव वहीत चढलं. गंमत म्हणजे खुद्द नाइटिंगेल बाई नोंदणीच्या विरोधात होत्या, परीक्षा घेऊन आणि यादीत नाव घालून चांगली नर्स कशी ठरणार असं त्यांचं म्हणणं. तरीही नोंदणी आली आणि जगभर पसरली कारण लोकांना खात्री हवी होती, की आपल्या आजारी माणसाच्या उशाशी जी उभी आहे ती शिकलेली आहे आणि चुकली तर तिला जाब विचारता येतो. म्हणजे त्या नंबरमागचा करार आमचा आणि पेशंटचा आहे, तुम्ही मधले. तुम्ही पगार देता म्हणून आम्ही तुमचं ऐकतो, पण पेशंटला धोका होईल असं काही तुम्ही सांगितलंत तर तिथे आमचा नंबर आम्हाला "नाही" म्हणायला सांगतो, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. कारण "नाही" म्हणायची जबाबदारी आमच्यावर टाकलेली आहे, पण "नाही" म्हणायची सोय कुठे केलेलीच नाही.

आमच्याकडून काय अपेक्षा आहे ते मला पाठ आहे. चुकीची ऑर्डर वाटली तर औषध देण्याआधी डॉक्टरला विचारायचं, मग ते कितीही चिडोत. फोनवरची ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवायची. जे येत नाही ते येतं म्हणून करायचं नाही. पेशंटची माहिती बाहेर काढायची नाही, ग्रुपवर फोटो तर मुळीच नाही. जे केलं तेच लिहायचं, जे केलं नाही ते लिहायचं नाही. कोणी सहकारी पेशंटला धोका होईल असं वागत असेल, मग तो कितीही सिनियर असो, तर वर कळवायचं. आंतरराष्ट्रीय नर्सेस कौन्सिलची आचारसंहिता पहिल्यांदा १९५३ साली आली आणि अलीकडची सुधारित आवृत्ती २०२१ ची आहे, तिचाही सूर हाच आहे. यातली एकही गोष्ट आम्हाला जास्त वाटत नाही. एकही कमी करा असं मी म्हणत नाही.

पण ही यादी आणि तुमची ड्यूटी लिस्ट एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

साधा हिशोब करू. समजा जनरल वॉर्ड आहे, २४ पेशंट आणि नाइटला दोघी. एकीला १२. एका पेशंटचं बीपी, पल्स, टेंपरेचर, श्वास, ऑक्सिजन बघून चार्टवर लिहायला पाच मिनिटं धरा, हे तर पळत पळत झालं, तरी एक तास गेला. औषधं नीट, म्हणजे नाव विचारून, बँड बघून, डोस ताडून द्यायची तर दुसरा तास गेला. अजून कोणी बेल वाजवलेली नाहीये, कोणाच्या हाताला सलाइनची सूज आलेली नाहीये, कोणी बेडवरून उतरायला गेलेलं नाहीये, कॅज्युअल्टीतून नवीन ॲडमिशन आलेली नाहीये. आता एका पेशंटला रक्त चढवायचं आलं. बॅग आल्यावर दोघींनी बेडपाशी उभं राहून नाव, नंबर, ब्लड ग्रुप, बॅगचा नंबर, एक्स्पायरी सगळं जुळवायचं, मग सुरू करायचं आणि पहिली पंधरा मिनिटं एकीने तिथून हलायचं नाही, कारण जीवघेणी रिॲक्शन यायची तर बहुतेक वेळा सुरुवातीलाच येते आणि तेव्हा क्लँप बंद करणारा हात जवळ असावा लागतो. म्हणजे ती पंधरा मिनिटं उरलेले २३ पेशंट दुसरीवर. त्यातच एखाद्याची शुगर ५० वर, म्हणजे धोक्याइतकी खाली, आली की ही बाई कुठे धावणार सांगा. बरं, इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम असल्या हाय रिस्क औषधांना दोघींचा चेक तुमच्याच पॉलिसीत लिहिलाय, फाइलमध्ये छान लॅमिनेट करून ठेवलाय, पण दुसरी बांधलेली आहे रक्ताच्या बेडपाशी. मग काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. "सेकंड चेकर" च्या रकान्यात सही नंतर होते. "बघ गं, टाकलंय मी, सही कर." आणि पहाटे पाचला कूस बदलायच्या चार्टवर रात्रभराचे टिक एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका ओळीत उमटतात. तुमच्या ऑडिटवाल्यांना ते कळत नाही असं समजू नका, त्यांना टिक हवे असतात, ते मिळतात, सगळे खुश. खोटं लिहिणं चूकच आहे, मी त्याला पाठीशी घालणार नाही, पण एका शिफ्टमध्ये न मावणारं काम देऊन वर "झालं" असा टिक मागायचा यालाही काहीतरी नाव असेलच ना.

नर्स कमी असल्या की पेशंट जास्त मरतात. हे मी रागात बोलत नाहीये, हे मोजलेलं आहे. नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकन आणि त्यांच्या टीमने २००२ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या हॉस्पिटलमधला अभ्यास छापला, सर्जरीच्या पेशंटवरचा, त्यात नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढे २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या आकड्यांवरही जवळपास तेच निघालं. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून तो लागू झाला, आयसीयूत एका नर्सला जास्तीत जास्त दोन पेशंट, मेडिकल-सर्जिकल वॉर्डमध्ये आधी सहा आणि २००५ पासून पाच, आणि हे प्रमाण ब्रेकच्या वेळीही पाळायचं, म्हणजे एक जण जेवायला गेली तर तिचे पेशंट दुसरीच्या ताटात वाढायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल परवडत नाही. ऐकलंय मी हे, दर मीटिंगला ऐकलंय. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने २०१६ मध्ये ठरावीक वॉर्डांमध्ये दिवसा सरासरी चार पेशंटमागे एक नर्स आणि रात्री सातमागे एक असं किमान प्रमाण लावलं, त्यावरचा अभ्यास २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात मृत्यू, परत ॲडमिट होणं आणि हॉस्पिटलमधला मुक्काम या तिन्हींवर चांगला परिणाम दिसला आणि जादा नर्सेसवर जेवढा खर्च झाला त्याच्या दुपटीहून जास्त पैसे वाचले. आता हे पैसे वाचतात ते नक्की कोणाच्या खिशात यावर वाद घाला हवं तर, बिल दिवसांवर निघत असेल तर पेशंट लवकर घरी जाणं सगळ्यांनाच आवडतं असं नाही, पण "परवडत नाही" हे वाक्य निदान आकडे बघून म्हणा.

तासांचं बोलू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्ये खास नर्सेससाठी करार केला, क्रमांक १४९, आणि त्याच्या जोडीला शिफारस क्रमांक १५७. त्या शिफारशीत रोजचं काम साधारण आठ तास, ओव्हरटाइम धरून बारापेक्षा जास्त नाही, आणि दोन शिफ्टच्या मध्ये सलग किमान बारा तास विश्रांती असं लिहिलंय. १९७७! म्हणजे मी काही नवीन फॅड घेऊन आलेली नाहीये. इव्हिनिंग करून रात्री उशिरा सुटलेल्या मुलीला सकाळी सातला मॉर्निंगला बोलावणं हे तुमच्या सॉफ्टवेअरला चालतं, लाल खूण येत नाही, पण त्या मुलीला घरी पोचून, अंघोळ करून, झोपून, उठून परत यायचंय याचा रकाना त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. २००४ मध्ये अमेरिकेत नर्सेसनी स्वतःच ठेवलेल्या रोजच्या नोंदींवरून निघालं की सलग साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झालं की चूक होण्याची शक्यता तिप्पट होते. तीच मुलगी सोळाव्या तासाला हेपरिनचा डोस काढत असते. दशांश चिन्ह एक घर सरकलं की खेळ खलास, आणि तो खेळ तिच्या नंबरवर लिहिला जाणार.

आणि कोणी डबल ड्यूटीला नाही म्हटलं की लगेच ऐकवलं जातं, "पेशंटला टाकून जाताय? रजिस्ट्रेशन जाईल." ही धमकी मी फार जवळून पाहिलीये. एका हॉस्पिटलमध्ये, नाव घेत नाही, एका ज्युनियर मुलीला इन्चार्जने एवढं घाबरवलं होतं की ती ताप अंगात असताना दुसरी शिफ्ट करत राहिली, मधे मधे पेशंटच्या रिकाम्या बेडला धरून उभी राहायची. तर नीट समजून घ्या. पेशंट ताब्यात घेतल्यावर कोणाला न सांगता, हँडओव्हर न देता, म्हणजे पेशंट पुढच्या नर्सकडे न सोपवता, निघून जाणं म्हणजे पेशंटला टाकून जाणं. आपली शिफ्ट पूर्ण करून, हँडओव्हर देऊन पुढची शिफ्ट नाकारणं म्हणजे ते नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या नर्सिंग बोर्डांनी हे लेखी स्पष्ट केलंय, जादा शिफ्ट नाकारणं हा मालक आणि नोकर यांच्यातला विषय, लायसन्सचा नाही. रिलीव्हर आली नाही तर ती शोधणं हे तुमचं काम आहे, आमच्या विवेकाला हात घालून ते आमच्यावर ढकलू नका. खरी इमर्जन्सी असेल, मोठा अपघात झाला, आग लागली, साथ आली, तर आम्ही थांबतो, न बोलावता येतो, ते तुम्ही पाहिलंय. पण दर आठवड्याच्या शनिवारी येते ती इमर्जन्सी नसते, ती तुमची भरती न करण्याची पद्धत असते.

तेच दुसऱ्या वॉर्डला पाठवण्याचं. "नर्स म्हणजे नर्स, कुठेही चालेल." नाही चालत हो. मोठ्यांच्या आयसीयूत पंधरा वर्षं काढलेली सिस्टरसुद्धा नवजात बाळांच्या वॉर्डमध्ये नवशिकी असते, तिथे डोस वजनावर निघतो, मिलिलिटरच्या भागात, तिचे हात तेवढ्या बारीक शिरेला सरावलेले नसतात. तिला मदतनीस म्हणून पाठवा, बीपी घेईल, बाळ धरेल, पण चार बाळांची पूर्ण जबाबदारी तिच्या नावावर टाकू नका. आपल्याला जे येत नाही ते करू नये हे तिच्या आचारसंहितेत आहे, आणि तिने नाकारलं म्हणून तुम्ही तिला मेमो देता, म्हणजे आचारसंहिता पाळली म्हणून मेमो.

आता चुकांचं. अमेरिकेत टेनेसीतल्या नर्स रॅडॉन्डा वॉट यांची केस बहुतेक नर्सेसना माहितीये. डिसेंबर २०१७ मध्ये स्कॅनआधी पेशंटला शांत करायचं औषध द्यायचं होतं, त्यांनी औषधांच्या ऑटोमॅटिक कपाटात ब्रँड नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, ते औषध तिथे दुसऱ्या नावाने होतं म्हणून दिसलं नाही, मग ओव्हरराइड करून, म्हणजे कपाटाची नेहमीची अडवणूक डावलून, जे निघालं ते स्नायू लुळे पाडणारं औषध निघालं. पेशंट वारली. वॉटनी चूक स्वतः लगेच सांगितली. २०२१ मध्ये त्यांचं लायसन्स गेलं, मार्च २०२२ मध्ये फौजदारी गुन्हा सिद्ध झाला, मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन. त्यांची चूक नव्हती असं मी अजिबात म्हणत नाही, बाटलीवरची सूचना वाचली नाही, औषध देऊन पेशंटजवळ थांबल्या नाहीत, या आमच्या धंद्यातल्या अगदी पायाभूत गोष्टी आहेत आणि त्या त्यांनी सोडल्या. पण त्या काळात तिथे ओव्हरराइड करणं रोजचंच झालं होतं, असंही खटल्यात पुढे आलं, आणि खटला चालला तो एका नर्सवर. हॉस्पिटलवर फौजदारी खटला नाही. अगदी चोर सोडून संन्याशाला फाशी असं नाही म्हणणार मी, पण दोघांपैकी एकालाच पकडलं एवढं नक्की. आणि त्या निकालानंतर चूक झाल्यावर स्वतःहून सांगायला कोण पुढे येईल याचा विचार मॅनेजमेंटने जास्त करायला पाहिजे, कारण लपलेली चूक दुरुस्त होत नाही, ती पुढच्या पेशंटची वाट बघते.

इन्सिडेंट रिपोर्टचा फॉर्म तुमच्याकडे आहेच. तो भरला की काय होतं? भरणारीला बोलावतात. "तू का नाही बघितलंस?" मग पुढच्या वेळी ती भरत नाही आणि तुमच्या रिपोर्टमध्ये घटना कमी झाल्याचा ग्राफ खाली येतो, त्याचं प्रेझेंटेशन होतं, टाळ्या. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या हॉस्पिटलमध्ये हेलीन डॉनेली नावाच्या नर्सने इमर्जन्सी विभागातल्या हेळसांडीबद्दल शंभराच्या आसपास रिपोर्ट भरले होते. ऐकलं कोणी? उलट तिलाच त्रास झाला. पुढे मोठी सार्वजनिक चौकशी बसली, २०१३ मध्ये फ्रान्सिस रिपोर्ट आला, तेव्हा सगळ्यांना समजलं की वॉर्डमधून कितीतरी आधीपासून ओरडून सांगितलं जात होतं. दुसरी गोष्ट टेक्सासची, विंकलर काउंटीतल्या छोट्या हॉस्पिटलमधल्या दोन नर्सेसनी २००९ मध्ये एका डॉक्टरच्या उपचारांबद्दल मेडिकल बोर्डाला निनावी पत्र लिहिलं, म्हणजे त्यांचं कर्तव्यच केलं. डॉक्टरच्या ओळखीच्या शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाने, पत्र लिहिणाऱ्या शोधून काढल्या, नोकरी गेली आणि फौजदारी खटलाही लागला. एकीवरचा खटला सुरू होण्याआधीच मागे घेतला, दुसरीला ज्युरीने तासाभराच्या आत निर्दोष सोडलं, नंतर दोघींना नुकसानभरपाई मिळाली आणि शेरीफ व डॉक्टर दोघांनाही शिक्षा झाली. शेवट बरा झाला म्हणून ही गोष्ट लोक सांगतात. पण मधल्या काळात त्या दोघींचे दिवस कसे गेले असतील ते ज्याने एकदा तक्रार केलीये त्यालाच कळेल.

सुईबद्दल थोडक्यात. सुई टोचली तर पेशंटला हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही असेल तर धोका किती, यासाठी तीस, तीन, शून्य पॉइंट तीन टक्के असं ढोबळ गणित आम्हाला शिकवतात. बी ची लस सगळ्यांना द्या, सगळ्यांना म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरच्या स्टाफलाही, हाउसकीपिंगलाही, कारण कचऱ्यातली सुई त्यांनाच टोचते. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो, त्यामुळे "आज रविवार आहे, उद्या ओपीडीत दाखव" हे उत्तर चालणार नाही. औषध कॅज्युअल्टीत चोवीस तास पाहिजे आणि त्याचे पैसे आमच्याकडून घ्यायचे नाहीत. एवढंच.

मारहाणीबद्दल. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीत कधी ना कधी शारीरिक मारहाण सहन करावी लागते, शिवीगाळ तर वेगळीच. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९० आला, कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यावरचा, त्यात बाहेरच्या लोकांकडून होणारा त्राससुद्धा येतो. तुमच्याकडे काय होतं? नातेवाईकाने सिस्टरच्या अंगावर हात टाकला की आधी सिस्टरला विचारतात, "तुम्ही कशा बोललात त्यांच्याशी?" मग तिलाच सॉरी म्हणायला लावतात कारण बिल मोठं आहे. बिलाची बाकी, बेड नाही, डॉक्टर उशिरा आले, या सगळ्याचं खापर तिच्या डोक्यावर फुटतं कारण काउंटरवर दिसते तीच. पोलिसात तक्रार हॉस्पिटलने स्वतःच्या नावाने करावी, तिला एकटीला चौकीवर पाठवू नये. आणि ब्रदर लोकांना, म्हणजे पुरुष नर्सेसना, "तू पुरुष आहेस, तू बघ" म्हणून प्रत्येक भांडणात पुढे ढकलायचं, हेही बंद करा, ते सिक्युरिटीत भरती झालेले नाहीत.

आमच्यातल्यांनाही एक सांगते. इन्चार्ज मॅडम, तुम्हीही एकेकाळी वॉर्डमध्येच होतात. "आम्ही तर तीस तीस पेशंट बघायचो" हे पुरे झालं आता. बघायचात, मान्य, पण त्यातले किती नीट बघितले गेले हे कोणी मोजत नव्हतं.

तर मला नक्की काय हवंय? एक कागद हवाय. खरंच, एवढंच. टेक्सासमध्ये "सेफ हार्बर" नावाची पद्धत कायद्यातच आहे. नर्सला वाटलं की दिलेलं काम स्वीकारलं तर पेशंटबद्दलचं आपलं कर्तव्य मोडेल, तर ती काम घेतानाच किंवा परिस्थिती बदलली की तेव्हा लेखी हरकत नोंदवते, वरिष्ठाला देते, मग नंतर नर्सेसची समिती ते तपासते. ती बहुतेक वेळा काम करतच राहते, पेशंट वाऱ्यावर सुटत नाही, पण प्रामाणिकपणे हरकत घेतली असेल तर त्या कामापायी तिच्या लायसन्सवर कारवाई होत नाही आणि मालकाला सूड उगवता येत नाही. आपल्याकडे यासाठी कायद्याची वाट बघायला नको, तुम्ही उद्या सर्क्युलर काढून हे सुरू करू शकता, निदान सूड न उगवण्याचा भाग तर पूर्णपणे तुमच्याच हातात आहे.

फॉर्म एक पानाचा असू दे, जास्त नको, नाहीतर रात्री दोनला कोणी भरणार नाही. तारीख, शिफ्ट, वॉर्ड, पेशंट किती, नर्स किती, त्यात नवीन किती, व्हेंटिलेटर किंवा रक्त चालू असलेले किती. हरकत काय आहे ती दोन ओळीत. कोणाला सांगितलं, किती वाजता, त्यांनी काय उत्तर दिलं. आणि खाली दोन सह्या, एक आमची, एक ज्यांनी ड्यूटी लावली त्यांची. हो, तीच सही. मला माहितीये भानगड तिथेच होणार आहे. फोनवर "सांभाळून घ्या सिस्टर, आजच्या दिवस" म्हणणं सोपं असतं, त्याखाली नाव घालणं अवघड जातं. पण आमच्या प्रत्येक इंजेक्शनखाली आमचं नाव असतं, वेळेसकट, मग तुमच्या निर्णयाखाली तुमचं का नको?

एक प्रत नर्सकडे राहील. ज्या शिफ्टमध्ये हरकत आली त्याच शिफ्टमध्ये उत्तर मिळालं पाहिजे, माणूस पाठवा, ॲडमिशन थांबवा, दुसऱ्या वॉर्डला वळवा, नाहीतर "यातलं काही शक्य नाही, आहे त्यात चालवा" असं लिहून द्या. तेही उत्तरच आहे, निदान ते तुमच्या अक्षरात असेल. अप्रेझलमध्ये हे फॉर्म मोजायचे नाहीत. महिन्याचे सगळे फॉर्म बोर्डाच्या मीटिंगमध्ये वाचायचे, गोषवारा नाही, फॉर्मच, आणि त्या मीटिंगला वॉर्डमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या दोन नर्सेस बसतील, ज्यांची निवड आम्ही करू, तुम्ही नाही. आणि चौकशी कोणत्याही घटनेची असो, पहिल्या दिवशी ड्यूटी लिस्ट, पेशंटची संख्या आणि त्या शिफ्टचे हरकतीचे फॉर्म फाइलला लागलेले असतील, मगच नर्सला प्रश्न विचारायचे.

पहिल्या महिन्यात भरपूर फॉर्म येतील, घाबरू नका, आम्ही काम टाळतोय असं समजू नका, इतके दिवस तोंडी सांगून जे हवेत गेलं तेच कागदावर येतंय असं समजा. काही फॉर्म फालतूही असतील, कोणीतरी रागाने भरेल, समितीला ते कळेल. आणि एखाद्या वॉर्डमधून एकही फॉर्म आला नाही तर तिथे सगळं आलबेल आहे असं धरून चालू नका, आधी तिथल्या मुलींशी इन्चार्ज समोर नसताना बोला.

१२ मे ला नर्सेस डे असतो, दरवर्षी तुम्ही गुलाबाचं फूल देता, भाषण होतं, त्यात "एंजल" हा शब्द तीनदा तरी येतो. यंदा फूल नाही दिलंत तरी चालेल. त्या दिवशी फॉर्मचं सर्क्युलर वॉर्डमध्ये लावा, आणि या पत्राचं उत्तर तोंडी नको, लेटरहेडवर, सहीनिशी द्या, नोटीस बोर्डवर लावलंत तरी आम्ही वाचू.

कळावे,
आपली,
एक रजिस्टर्ड नर्स
(नंबर तुमच्या एचआरच्या फाइलमध्ये आहे)